उंदराची रोजनिशी

घरात मांजर पाळणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारा, रात्री दिवे मालवल्यानंतर हे मांजर काय करीत असते? ती सांगेल की, सकाळी दुधाच्या पातेल्यावरचे झाकण सरकलेले दिसते, एवढे ठाऊक आहे. बाकी सारा तर्क. तर्कावर समाधान न मानता कुणी कंदील लावून रात्रभर जागत बसलेच, तरी हाती फारसे काही लागावयाचे नाही. मांजरही मग आपल्याकडे पाहत बसेल.

प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांची अडचण नेमकी हीच होती. प्राण्याचे वर्तन टिपावयाचे तर टिपणारा जवळ हवा, आणि टिपणारा जवळ आला की ते वर्तन पहिल्यासारखे राहत नाही. या पेचातून सुटण्यासाठी जी यंत्रे गेल्या सव्वाशे वर्षांत घडली, त्यांची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे. प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. इंग्रजीत ‘रॅट’ आणि ‘माउस’ हे दोन वेगळे प्राणी. मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणून मोकळे होतो, आणि ‘घूस’ म्हणावे तर ती आणखी तिसरीच. म्हणून या लेखात नुसता ‘उंदीर’ म्हटले की मोठा समजावा. लहान असेल तेथे तसे सांगितले आहे.

पाहणाऱ्याच्या उपस्थितीने किती घोटाळा होऊ शकतो, हे एका घोड्याने जगाला शिकविले. 1904 च्या सुमारास बर्लिन शहरात फोन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स हा घोडा गणिते सोडवून दाखवी. उत्तर जितके, तितक्या वेळा तो खूर आपटी. विद्वानांची समिती बसली. तिला लबाडी काही सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने चिकाटीने छडा लावला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, अथवा तो घोड्याच्या दृष्टीआड उभा राहिला, की हान्सचे गणित चुके. योग्य संख्येपाशी खूर पोचला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हाले, आणि ती सूक्ष्म हालचाल पाहून घोडा थांबे. मालक प्रामाणिक होता, समितीही प्रामाणिक होती. आपण स्वतःच उत्तर पुरवीत आहोत याची त्यांच्यापैकी कुणालाही कल्पना नव्हती. फुंग्स्टचे पुस्तक 1907 मध्ये निघाले. तेव्हापासून प्राण्यांवर प्रयोग करणारा प्रत्येक जण स्वतःच्या मानेविषयी साशंक झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

माणसाला दूर सारून लिहिण्याचे काम करू शकेल असे एक साधन मात्र त्यापूर्वीच तयार होते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी रक्तदाबाचे चढउतार टिपण्यासाठी 1847 च्या सुमारास ‘कायमोग्राफ’ सिद्ध केला होता. आपल्या भाषेत त्यास तरंगलेखक म्हणता येईल. रचना अगदी साधी. एका नळकांड्यावर गुळगुळीत कागद ताणून चिकटवावयाचा, तो धुराच्या ज्योतीवर फिरवून त्यावर सारखी काजळी धरावयाची, आणि घड्याळाच्या यंत्राने ते नळकांडे सावकाश फिरत ठेवावयाचे. हलकी लेखणी त्यास टेकली की काजळी खरवडून काळ्यावर पांढरी रेघ उमटे. प्रयोग संपला की कागद लाखेच्या पातळ द्रावणात बुडवून वाळवावयाचा. मग रेघ कायमची. आपल्या देशातील वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्यांनी बेडकाच्या स्नायूचे आकुंचन याच काजळलेल्या कागदावर नोंदविले आहे. आपल्या घरात कुणी वयस्कर डॉक्टर असतील तर त्यांना विचारून पाहावे. त्या काजळीने काळ्या झालेल्या बोटांची आठवण ते नक्की सांगतील.

लुडविगच्या यंत्रात प्राणी बांधलेला असे. मोकळ्या प्राण्याची हालचाल त्याच नळकांड्यावर उतरविण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात झाला. कॉलिन स्ट्यूअर्ट यांनी 1898 मध्ये अशा फिरत्या पिंजऱ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले की, आतला प्राणी धावला तर पिंजरा गरगरे आणि त्याचे फेरे आपोआप नोंदले जात. मद्य, आहार व हवेचा दाब यांचा प्राण्याच्या दैनंदिन हालचालीवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यांचे निष्कर्ष आज फारसे कुणाच्या स्मरणात नाहीत. चाक मात्र टिकले.

त्या चाकाचे खरे सोने केले ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कर्ट रिक्टर यांनी. ते 1919 मध्ये तेथे आले आणि 1988 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे नाव त्याच संस्थेशी जोडलेले राहिले. उंदराला काही करावयास लावण्याची त्यांना घाई नव्हती. त्यांना फक्त एवढेच विचारावयाचे होते की, कुणी काही केले नाही तर हा प्राणी कधी हलतो आणि कधी स्वस्थ बसतो? त्यासाठी त्यांनी पिंजरा रबराच्या पडद्यांवर टेकविला. आत उंदीर जरा वळला तरी पडदा दबे, त्याखालची हवा नळीतून ढकलली जाई आणि दूर दुसऱ्या टोकाला लेखणी उडी घेई. रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

त्या रेघांत जे दिसले ते डोळ्यांनी पाहून कुणालाही दिसले नसते. उंदीर दिवसभर एकसारखा वळवळत नाही. त्याची हालचाल ठरावीक अंतराने उसळते आणि ओसरते, आणि या उसळीचा भुकेशी संबंध असतो. माद्यांच्या बाबतीत तर आणखी नवल घडले. दर चार-पाच दिवसांनी एका रात्री त्यांचे चाकातील फेरे एकदम कितीतरी वाढत. रिक्टर यांच्याच प्रयोगशाळेतील वांग यांनी 1923 मध्ये दाखवून दिले की, ही रात्र मादीच्या ऋतुचक्राशी जुळते. उंदीर आपल्या शरीरातील गुपित पायांनी लिहून देत होता! रिक्टर यांनी दृष्टी नसलेल्या उंदरांच्या नोंदीही वर्षानुवर्षे ठेवल्या. प्रकाश दिसत नसूनही त्यांचा दिनक्रम शाबूत राही. फक्त तो दररोज थोडा थोडा सरके. म्हणजे घड्याळ बाहेर नव्हते, आत होते. ते कोठे आहे हे शोधण्यासाठी पुष्कळ उंदरांच्या मेंदूला इजा करण्यात आली, हेही येथे लपवून ठेवणे बरे नव्हे. अखेर 1972 मध्ये दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींस ओलांडतात तेथे असलेल्या इवल्याशा पेशीपुंजाकडे बोट दाखविले.

आता हार्वर्ड विद्यापीठाकडे वळू. बी. एफ. स्किनर हे नाव वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल, विशेषतः ज्यांनी शिक्षणशास्त्राची परीक्षा दिली आहे त्यांनी. त्यांच्या सिद्धान्तांवर पुढे वाद माजले. पण आपले यंत्र कसे घडले याची जी हकीकत त्यांनी 1956 मध्ये लिहिली, ती इतकी मनमोकळी आहे की त्यांचे विरोधकही तिला दाद देतात.

1930 च्या आसपासची गोष्ट. उंदीर एका अरुंद वाटेने धावत जाई आणि शेवटी त्यास खाऊ मिळे. प्रत्येक वेळी त्याला उचलून पुन्हा आरंभी आणून ठेवण्याचा स्किनरना कंटाळा आला. म्हणून त्यांनी परतीची वाट जोडली. उंदीर स्वतःच फिरून येऊ लागला. मग ती वाट मुलांच्या ढेंगळ्यासारखी मधोमध टेकविली. उंदीर धावताना ती कले, त्या कलण्याने एक चकती एक घर पुढे सरके आणि खाऊचा दाणा पडे. ही लाकडी चकती त्यांनी अडगळीच्या खोलीतून आणली होती. तिच्या मध्यभागी एक दांडा होता. तो कापून टाकावयाचे श्रम त्यांनी घेतले नव्हते. एके दिवशी त्यांच्या मनात आले की, या दांड्याला दोरा गुंडाळून तो सुटत जाऊ दिला तर? तेवढ्या एका दोऱ्याने नोंदीचे रूपच पालटले. आतापर्यंत कागदावर सुट्या खुणा पडत. आता लेखणी प्रत्येक कृतीबरोबर एक पाऊल सरकू लागली आणि सलग वक्र उमटू लागला.

पुढे वाटेची जागा दांडीने घेतली. उंदराने पंजाने ती दाबावयाची. तो वक्र वाचावयास अगदी सोपा आहे. कागद एका गतीने पुढे सरकतो. प्राण्याने दांडी दाबली की लेखणी किंचित वर चढते. चढण उभी असली तर प्राणी झपाट्याने काम करीत आहे. रेघ आडवी असली तर तो स्वस्थ आहे. एरवी उंदीर किती ‘उत्सुक’ आहे हे सांगताना दोन निरीक्षकांचे एकमत होणे कठीण. येथे उत्सुकतेला उतार मिळाला, आणि उतार पट्टीने मोजता येतो.

एकदा स्किनर खोलीत नसताना खाऊ टाकणारे यंत्र अडकले. परत येऊन पाहतात तो काय, उंदीर दाबत राहिला होता, खाऊ मिळत नव्हता, आणि कागदावर हळूहळू वाकत आडवा होत गेलेला एक सुरेख वक्र उमटला होता. मिळणे बंद झाल्यावर सवय कशी ओसरते, याचे पहिले चित्र! तो शुक्रवारचा तिसरा प्रहर होता आणि सांगावयास प्रयोगशाळेत कुणी नव्हते. आपल्याला अपघात झाला तर हा शोध बुडेल, या धास्तीने पुढचे दोन दिवस आपण रस्ते फार जपून ओलांडले, असे ते लिहितात. आणखी एका शनिवारी त्यांनी हिशेब केला, तर वाळलेल्या गोळ्यांचा साठा सोमवारी सकाळी साडेदहाला संपणार होता. सुट्टी गोळ्या वळण्यात घालविण्याऐवजी त्यांनी प्रत्येक दाबण्याला खाऊ देणे थांबविले आणि मिनिटाला फार तर एकच गोळी मिळेल अशी व्यवस्था केली. उंदीर त्यामुळे हिरमुसला नाही. तो एका संथ लयीत दाबतच राहिला. अधूनमधून मिळणारे बक्षीस सवय किती चिवट करते, या विषयावर पुढे शेकडो निबंध निघाले. त्यांचे मूळ असे एका कंटाळलेल्या शनिवारी आहे.

फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामागे सुमारे 70,000 तासांची अखंड नोंद होती. बहुतेक ती कबुतरांची. टोचण्यांची संख्या पंचवीस कोटींच्या घरात जाते. कोणता माणूस हे मोजीत बसला असता? खोलीत खटखट करणारे विजेचे खटके, सरकणारा कागद आणि बंद पेटीत पक्षी, एवढाच काय तो परिवार.

माणसाला खोलीबाहेर काढण्याचा ध्यास एकट्या स्किनरचा नव्हता. कॅलिफोर्नियात टोलमन, ट्रायन व जेफ्रेस यांनी 1929 मध्ये स्वतःच नोंद करणारा भूलभुलैया तयार केला. उंदीर आत सोडण्याचे कामही फिरते टेबल करी. यात निव्वळ सोय नव्हती. हाताळणाऱ्याच्या हाताचा धीटपणा वा भित्रेपणाही उंदराला कळतो, हे त्यांना जाणवले होते. त्याची प्रचीती 1963 मध्ये आली. रॉबर्ट रोझेन्थाल व कर्मिट फोड यांनी बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितले की तुमचे उंदीर जात्याच हुशार आहेत. निम्म्यांना सांगितले की तुमचे मठ्ठ. वस्तुतः सारे उंदीर एकाच साध्या वाणाचे होते. तरी ‘हुशार’ उंदीर खरोखरच अधिक वेळा अचूक वळले! त्या विद्यार्थ्यांनी आपले उंदीर अधिक मायेने हाताळले होते, असे त्यांनी स्वतःच सांगितले. शाळेत मुलांना शिकविणाऱ्या वाचकांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा, अशी विनंती आहे.

परंतु यंत्रावर अशी भिस्त ठेवण्यात एक मोठा धोका होता, आणि तो स्किनर यांच्याच शिष्यांनी उघड केला. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे दांपत्य अमेरिकेत जाहिराती व खेळ यांसाठी प्राणी शिकवून तयार करी. 1961 मध्ये त्यांनी आपल्या अपयशांची यादीच छापली. रॅकून नावाचा चपळ पंजांचा प्राणी नाणे उचलून डब्यात टाकावयास शिकला. पण दोन नाणी दिली की तो ती डब्यात टाकीना, कृपणासारखी एकमेकांवर चोळीत बसे. डुकराने लाकडी नाणी पेढीत नेऊन टाकावयाची होती. काही आठवड्यांनी ते ती वाटेतच खाली टाकून नाकाने उकरू लागे. खाऊ हुकतो आहे, भूक आहे, तरी उकरणे चालूच. दांडी दाबली की नाही एवढेच लिहिणाऱ्या लेखणीने हे सारे ‘काही घडले नाही’ असे आडव्या रेघेत नोंदविले असते. यंत्र प्रामाणिक खरे. पण त्याला जो एक प्रश्न विचारावयास शिकविले त्याचेच उत्तर ते देते. प्राणी बाकी जे काही सांगत असतो ते तसेच हवेत विरते. स्वयंलेखनाच्या इतिहासात ब्रेलंड दांपत्याचा हा लहानसा निबंध मोठमोठ्या ग्रंथांच्या तोडीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शरीरातील घड्याळ शोधणाऱ्यांना मात्र यंत्राची ही एकसुरी वृत्तीच उपयोगी पडली. फिरत्या चाकाला विजेची तार जोडावयाची. प्रत्येक फेऱ्यास कागदाच्या लांब पट्टीवर एक उभी खूण. एका दिवसाची पट्टी कापून तिच्याखाली दुसऱ्या दिवसाची चिकटवावयाची. महिन्याभराच्या पट्ट्या अशा एकाखाली एक लागल्या की, प्राण्याचा दिवस 24 तासांहून लहान आहे की मोठा, हे लांबूनही कळते. खुणांचा काळा पट्टा डावीकडे किंवा उजवीकडे झुकत जातो. पॅट्रिशिया डीकोर्सी यांनी 1960 मध्ये अंधारात ठेवलेल्या उडत्या खारींवर दहा मिनिटांचा प्रकाश टाकला आणि तो कोणत्या घटकेस पडला यावर तो पट्टा मागे वा पुढे कसा सरकतो, ते दाखविले. आपल्या देशात मदुराई येथे एम. के. चंद्रशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वटवाघळे आणि शेतातील लहान उंदीर यांच्या दिनचक्रांचा असाच दीर्घ अभ्यास केला.

चाकावरची दृष्टी किती तीक्ष्ण असू शकते, याची दोन उदाहरणे देतो. 1988 मध्ये मार्टिन राल्फ व मायकेल मेनाकर यांनी अशा एका हॅमस्टरची हकीकत प्रसिद्ध केली, ज्याचा दिवस 22 तासांचा होता. व्यापाऱ्याकडून आलेल्या साध्या प्राण्यांत तो योगायोगाने सापडला. दिसावयास इतरांसारखाच, पट्टीवर मात्र एकदम वेगळा. पुढे 1994 मध्ये जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाने तीनशेहून अधिक लहान उंदीर चाकावर तपासले. त्यांतील एकाचा दिवस सुमारे तासाने लांब निघाला, आणि त्याच्या मागावरून सस्तन प्राण्यांच्या घड्याळाचे एक जनुक हाती लागले. रात्रपाळी करणाऱ्या कामगारांची झोप का बिघडते, औषध सकाळी घ्यावे की रात्री, या आजच्या प्रश्नांच्या मुळाशी त्या चाकांची घरघर आहे.

पुढची यंत्रे भराभर आली. 1953 मध्ये पीटर ड्यूज यांनी प्रकाशाचा झोत आडवा सोडून, लहान उंदरांनी तो किती वेळा तोडला यावरून औषधांचा परिणाम मोजला. नंतर चलच्चित्र आले, संगणक आले. 2018 पासून तर असे संगणकी साधन उपलब्ध आहे की, माणसाने सुमारे दोनशे चित्रांवर नाक, कान, पंजे, शेपटीचे मूळ दाखवून दिले की उरलेल्या चित्रांत ते अवयव संगणक स्वतः हुडकतो. ब्रेलंड यांचे उकरणारे डुकरही आता नोंदीतून सहसा निसटणार नाही.

मग माणूस खोलीबाहेर गेला काय? पूर्णपणे नाही. 1999 मध्ये पोर्टलंड, ऑल्बनी व एडमंटन येथील तीन प्रयोगशाळांनी आठ वाणांचे लहान उंदीर घेऊन एकाच प्रकारची यंत्रे, एकच खाद्य, एकच वेळ असा कडेकोट बंदोबस्त केला. तरीही काही चाचण्यांचे निकाल गावागणिक बदलले. एडमंटनच्या संशोधकास उंदरांची ॲलर्जी असल्यामुळे तो गाळलेली हवा पुरविणारे शिरस्त्राण घालून काम करीत होता. फरक त्यामुळेच पडला असे कुणी सिद्ध केले नाही. पण उंदरांनी त्या शिरस्त्राणाविषयी काय मत बनविले असेल, हा प्रश्न उरतोच. 2014 मध्ये मॉन्ट्रियलच्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने तर दाखविले की, पुरुष संशोधक जवळ असला, किंबहुना त्याने घातलेला नुसता सदरा जवळ ठेवला, तरी त्या वासाच्या ताणाने उंदरांची वेदनेची प्रतिक्रिया मंदावते. स्त्रियांच्या सदऱ्याने तसे होत नाही.

फिरत्या चाकावरही एक जुना आक्षेप होता. पिंजऱ्यात कोंडलेला प्राणी दुसरे काय करणार, तो वेडापिसा होऊन धावतो. हे त्याचे स्वाभाविक वर्तनच नव्हे, असे पुष्कळांचे म्हणणे. हॉलंडमधील लायडन येथील योहाना मायर व युरी रॉबर्स यांनी हा आक्षेप तपासण्यासाठी चाक उचलून थेट बाहेर नेले. एक शहरालगतच्या झाडीत ठेवले, एक माणसांची ये-जा नसलेल्या वाळूच्या टेकड्यांत. जवळ थोडे खाद्य आणि हालचाल होताच चित्र घेणारा कॅमेरा. कुणी कोंडले नव्हते, कुणी शिकविले नव्हते. रानातले लहान उंदीर आले, चाकात चढले, धावले, उतरले आणि पुन्हा चढले. पुढे खाद्य काढून घेतल्यावरही ते येत राहिले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत चिचुंद्र्याही आहेत, बेडूकही आहेत, आणि चाक अगदी सावकाश फिरविणाऱ्या, बिनशंखाच्या गोगलगायीसुद्धा आहेत.